भाकऱ्या थापून होईपर्यंत

आये,

काल एका मुलीनं मला विचारलं, "बाई, मग त्या सुईणीचं पुढं काय झालं?" मी नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली, तरी बारामतीला खेड्यापाड्यांतल्या सुईणींचा वर्ग भरला की मला बोलावतात. मी जाते. घरी बसून भिंती तरी किती बघायच्या, आणि खरं सांगायचं तर चार बाया समोर बसून माझं ऐकतात ते मला आवडतं. तिथं मी दरवेळी एक गोष्ट सांगते. मोठ्या लढाईच्या आधी, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात एका अडाणी सुईणीनं नाळ कापली, हत्यार नीट उकळलं नाही, आणि नवव्या दिवशी बाळ धनुर्वातानं गेलं. गोष्ट नेमकी बसते. बाया तोंडाला पदर लावतात, आणि मग मी उकळायचं कसं ते शिकवते. तीस वर्षं ही गोष्ट सांगत आलेय, पण सुईणीचं काय झालं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. कालची मुलगी आपल्या अंथुर्ण्याकडचीच असावी, बोलण्यावरून कळलंच मला. तिला काय उत्तर दिलं ते शेवटी लिहिते. आधी बाकीचं लिहू दे, नाहीतर नेहमीसारखी सोयीचं तेवढं सांगून उठेन.

ती सुईण तू होतीस हे मी वर्गात कधीच सांगितलं नाही.

तुझं काम मी लहानपणापासून पाहिलंय. दिवसभर तू कॅनॉलकडेच्या बागाइतदाराच्या केळीत राबायचीस, घड उतरवायचे, पानं कापायची, आणि कुणाची सून पोटुशी आहे असं कानावर आलं की संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचीस. बोलावणं नसायचं. मी तुझ्या मागे. तू आधी सासूजवळ बसून तिचे गहू नाहीतर डाळ निवडू लागायचीस, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या, आणि मग सहज म्हणायचीस, "सुनंला जरा आत पाठवा, प्वाट बघती." आत जाऊन दार लोटून घ्यायचीस. पोट बघायला तुला किती वेळ लागायचा गं? हात फिरवलास की झालं. त्यानंतर तू त्या पोरीला म्हणायचीस, "आता झोप. मी हितं बसल्याली हाय." आणि ती पोर तासभर मेल्यासारखी झोपायची. बाहेर सासूला वाटायचं, सुईण फार बारकाईनं बघतेय. मला हसू आवरायचं नाही आणि तू डोळे वटारायचीस. मला वाटायचं ही तुझी लबाडी आहे. तेच तुझं खरं काम होतं, हे कळायला मला पुण्याचं शिक्षण उपयोगी पडलं नाही.

आणि कळा सुरू झाल्या की तू तिच्या मागे बसायचीस, पाठीला पाठ लावून. पाय भिंतीला टेकवून, सगळं अंग घट्ट करून. दुसरी कुणी बाई पुढं बसायची, तू मात्र मागे. ती पोर ओरडायची, रेटायची, आणि तू म्हणायचीस, "ढकल मला. किती ढकलायचं तेवढं ढकल, मी कुठं जात न्हाय." वेळ आली की उठून पुढं यायचीस. घरी आल्यावर तुझी पाठ मी तेल लावून चोळायची. पाठीवर त्या पोरीच्या मणक्यांचे वळ उठलेले असायचे.

माझं कुंकू गेलं तेव्हा मी सतरा वर्षांची. सासरचे मला ठेवून घ्यायला तयार होते, रांधायला आणि गोठ्याला. तू नको म्हणालीस. बारामतीच्या वकिलीणबाईंची बायकांची कमिटी होती, गरीब मुलींना नर्सच्या शिक्षणाला पुण्याला पाठवायची. तू केळीची पानं द्यायला त्यांच्या घरी जायचीस, तिथं तू विषय काढलास. अंथुर्ण्यापासून बारामतीच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीतून सोडायला आलीस, भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "माझ्या हाताला कळतं, पर का कळतं ते मला ठावं न्हाय. तू शिकून ये आन मला सांग." लक्षात आहे माझ्या. मी सुट्टीत आले आणि तुला सांगितलंही, अगदी मास्तरासारखं बसवून. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते हत्यारावर असतात, फडक्यावर असतात, नाळेवर राख घातली तर राखेत असतात. तू हसलीस. "दिसत न्हाईत तर मारायचं कसं?" मी म्हणाले, उकळून. तू चूल फुंकायला लागलीस. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. मला इतकंच ठाऊक होतं की तू काही बोलली नाहीस, आणि न बोलणं म्हणजे न ऐकणं असा मी धडा पुण्याहून आणला होता.

शिकून आल्यावर कमिटीनं मला इंदापूरला नेमलं. घरोघर जाऊन बाळंतिणी बघायच्या, दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, आठव्या दिवशी, आणि नोंदवहीत लिहायचं. पांढरं लुगडं, काळी चामड्याची पिशवी. लोक मला नर्सबाई म्हणायचे आणि पाठीमागं सुईणीची पोर म्हणायचे. त्या पाठीमागच्याचा मला फार राग यायचा.

निमगाव केतकीच्या त्या घरातली सासू मूळची अंथुर्ण्याची. तिच्या सुनेची आई नुकतीच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरी. सोळा वर्षांची पोर. सासूनं माहेरच्या ओळखीनं तुला बोलावलं, आणि तू आधीचे दोन महिने तिथं येत-जात होतीस, पोट बघायच्या नावाखाली तिला झोपवत होतीस. मला निरोप पोचेपर्यंत तू तिला मोकळीही केलीस. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं गेले, आणि नेमक्या त्याच दिवशी वकिलीणबाई माझं काम पाहायला बारामतीहून मोटार घेऊन आलेल्या. त्या माझ्याबरोबर.

मी आत जाते. तू पाटावर बसलीयेस, पाय लांब केलेले, पायांवर बाळ, आणि त्याच्या टाळूवर तेल जिरवतेयस. मला बघून तुझा चेहरा उजळतो. तू काहीतरी म्हणणार तेवढ्यात माझी नजर तुझ्या बोटांवर जाते, आणि माझ्या मागून वकिलीणबाईंचीही तिथंच गेलीय हे मला कळतं. तुझी बोटं काळी, पेरांच्या रेघारेघांत काळं. मी म्हणते, "हात दाखवा बघू." तू बाळ सासूकडे देऊन दोन्ही हात पुढं करतेस, शाळेतल्या पोरीसारखे.

"हे असले हात घेऊन बाळंतिणीला शिवता तुम्ही?"

"धुतल्यात गं. केळीचा चीक हाय तो, निघत न्हाय."

"चीक असो नाहीतर चिखल. मळ तो मळ."

आये, केळीच्या चिकाचा डाग मला ओळखू येत नव्हता असं नाही. माझं सगळं लहानपण त्या हातांची भाकरी खाण्यात गेलं. राख, लिंबू, कशानं तो निघत नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातो, हे त्या खोलीत तुझ्याखालोखाल मलाच माहीत होतं. मग मी बाळाच्या नाळेवरचं फडकं सोडलं, "हे कसलं पोतेरं" म्हणून दाराबाहेर टाकलं, आणि माझ्या पिशवीतली पावडर लावून बोळा ठेवून पट्टी बांधली. सासूला बजावलं, या सुईणीला पुन्हा घरात घ्यायचं नाही, पाचव्या दिवशी मी स्वतः येईन, तोवर कुणी हात लावायचा नाही. बाजेवरची पोर उठून बसली होती. तिला काही बोलायचं होतं, पण सासूपुढं, आणि मोटारीतून आलेल्या बाईपुढं, तिची जीभ उचलली नाही. तू उंबऱ्यापाशी तुझी वहाण शोधत होतीस. मोटारीत वकिलीणबाई म्हणाल्या, "त्या तुमच्या आई ना? प्रत्यक्ष आईलाही सोडलं नाहीत हो तुम्ही." मला तेव्हा लाज वाटली नाही. इंदापूर येईपर्यंत मला छान वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी गेले नाही. पाचवीची पूजा म्हणजे सुईणीच्या मानाचा दिवस, तिला खण द्यायचा, जेवू घालायचं. म्हटलं, सासू कितीही घाबरली तरी पाचवीला तुला बोलावेल, आणि तू तिथं असलीस तर सगळ्या बायकांपुढं मला पुन्हा तसंच बोलावं लागेल, नाहीतर आधीचं बोलणं खोटं पडेल. दोन्ही मला नको होतं. निमगावकडची सर्व्हिस मोटार सुटली त्या वेळी मी खोलीत नोंदवही घेऊन बसले होते, आणि लिहिलं, पाचवा दिवस, भेट दिली, बाळ व बाळंतीण ठीक. खाली सही केली.

तुला त्यांनी बोलावलंच नव्हतं. मी सांगितलं होतं ना.

आठव्या दिवशी गेले तर बाळाचं तोंड मिटलेलं. पोर त्याला छातीशी धरून बसली होती, दूध गळत होतं आणि त्याचा जबडा उघडत नव्हता. मी त्याला हात लावला तसं ते धनुष्यासारखं ताठलं. पट्टी उकलली. आत शेणीची राख. सासू माझ्या पायाशी बसून सांगत होती, "तुमी येनार म्हून वाट बघितली बाई. तुमी पट्टी बांधली त्या दिशी सांच्यालाच बोळा मुतानं भिजला, गळून पडला. इचारायचं कुनाला? आमच्या येळंला राखच लावायचे, म्हून म्या लावली." तिला मी काय दोष देऊ? तिनं घाबरून जे येत होतं ते केलं. आणि मग ती पोर बोलली, पहिल्यांदाच, माझ्याकडं न बघता. "मावशीनं राख लावू दिली न्हवती. तिनं फडकं उकळून वाळवून आनलं व्हतं. वस्तराबी उकळला व्हता, गडव्यात घालून चुलीवर. अकरा मान्सांच्या भाकरी थापून हुईस्तवर ठिवला व्हता. म्या बघितलंय."

नवव्या दिवशी सकाळी बाळ गेलं. मी तिथंच होते. हातांत काही नव्हतं करण्यासारखं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पट्टी केली होती, पाचव्या दिवशी भेट दिली असं माझ्या सहीनिशी लिहिलेलं होतं. मग राख आली कुठून, आणि पाचव्या दिवशी ती मला दिसली कशी नाही? हा प्रश्न कमिटीनं विचारला असता तर माझी पिशवी काढून घेतली असती, आणि मला परत गोठ्यात जावं लागलं असतं. असं मी तेव्हा मनाला सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अप्रशिक्षित सुईणीने अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वात. राखेचं नाव नाही. कमिटीनं ते गावोगाव वाचून दाखवलं. तुझं नाव त्यात नव्हतं, पण लोकांना नाव लागत नाही.

महिन्यानं मी अंथुर्ण्याला आले. तू भाकरी थापत होतीस. मी तयारी करून आले होते, तू ओरडशील, रडशील, हाकलून देशील, त्या सगळ्याला माझ्याकडं उत्तर होतं. तू मला पाणी दिलंस, जेवू घातलंस. मग परातीतलं पीठ एका बाजूला सारत, माझ्याकडं न बघता विचारलंस, "वस्तरा किती येळ उकळायचा आसतुया गं?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"न्हाय, तू म्हनली व्हतीस उकळायचा, पर किती ते सांगितलं न्हवतंस. म्या आपल्या भाकरी हुईस्तवर ठिवला. त्येंच्या घरात अकरा मानसं. मला वाटलं, लई झालं." परातीत बोटानं रेघा ओढत होतीस. "कमी पडला का?"

वीस मिनिटं पुरतात, आये. आता मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, वीस मिनिटं. अकरा माणसांच्या भाकऱ्यांना तास तरी लागला असेल. माझ्या शिक्षणातलं तेवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं, आणि बाळाला राख लागली, मी पाचव्याला गेले नाही, एवढं कबूल करायचं होतं. चुलीसमोर आपण दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं, कमिटी नव्हती, मोटार नव्हती.

मी म्हणाले, "अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता."

तू मान हलवलीस. म्हणालीस, "व्हय. तसंच आसंल. तू शिकल्याली हायस." आणि दुसरी भाकरी थापायला घेतलीस. थापताना तुझा हात नेहमीसारखाच चालत होता, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर तू कुणाच्या बाळंतपणाला गेली नाहीस. बाया चोरून येत राहिल्या, कमिटीला कळू देणार नाही म्हणायच्या, एकदा एकीनं तुझे पाय धरले असं शेजारणीनं मला सांगितलं. तू सगळ्यांना एकच सांगायचीस, "माझ्या हातानं एक ल्येकरू ग्येलंय. मी न्हाय यायची." त्या मग ज्या मिळतील त्या सुईणींकडे गेल्या, विळ्यानं कापणाऱ्यांकडे, राख भरणाऱ्यांकडे. त्यांतल्या काहींची बाळं मीच नोंदवहीत लिहिली. आणि सासवांजवळ बसून डाळ निवडत त्यांच्या सुनांना झोपवणारं आसपासच्या चार गावांत कुणी उरलं नाही. मी भेटी द्यायचे. नाडी, ताप, पट्टी, की निघाले. पोरी माझ्याकडं बघत राहायच्या आणि मला वाटायचं, आता आणखी काय हवंय यांना?

ते मला निमगावच्या त्याच पोरीनं दाखवलं. दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले, आणि थोरल्या बहिणीनं तिला बाळंतपणासाठी नरसिंहपूरला आपल्या घरी नेलं. मला बोलावणं आलं. का आलं, तिनं मला का येऊ दिलं, मी आजतागायत समजू शकले नाही. ऐन दुपारी कळा वाढल्या, मी तिला पुस्तकात होतं तसं निजवत होते, आणि ती माझा हात झटकून म्हणाली, "पाठ द्या." मी समजले नाही असं दाखवलं. "तुमच्या आईवानी. पाठ द्या मला." मग मी पांढरं लुगडं खोचून जमिनीवर बसले, पाय भिंतीला लावले आणि तिच्या पाठीला पाठ लावली. काय जोर असतो गं बाईत त्या वेळी. माझे पाय भिंतीवरून सरकायला लागले. मला म्हणायचं होतं, ढकल मला, मी कुठं जात नाही, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना, कारण मी गेले होते ना. तिच्याजवळून एकदा गेलेच होते. मुलगी झाली. चांगली वाढली म्हणे.

निघताना तिनं माझ्या हातात एक खण दिला, हिरवा, लाल काठाचा. म्हणाली, "मावशीचा ऱ्हायला व्हता मागचा. पाचवीचा. त्येवढा पोचवा."

तो मी पोचवला नाही. तू विचारलं असतंस, कशाचा गं? ज्या घरचं लेकरू माझ्या हातानं गेलं ते मला खण का देतील? आणि मला सांगावं लागलं असतं की त्या पोरीला खरं माहीत आहे, आणि तिच्याइतकंच मलाही. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. त्या उन्हाळ्यात तुला ताप भरला. मी पोचले तेव्हा तुझा श्वास चालू होता, डोळे मिटलेले. घर बायकांनी भरलेलं. त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं तू केलेली. तुझ्या कानाशी वाकले होते मी. सगळ्यांना वाटलं, लेक देवाचं नाव सांगतेय. मी "आये" एवढंच म्हणाले. तुझी बोटं पहिल्यांदाच स्वच्छ होती, बरेच दिवस केळीत गेली नव्हतीस ना.

आता लिहिते, ऐक. तुझा वस्तरा पुरेसा उकळला होता. गरजेच्या तिप्पट उकळला होता. फडकं स्वच्छ होतं, हात स्वच्छ होते. ते लेकरू तुझ्या हातानं गेलं नाही. मला हे आठव्या दिवसापासून माहीत होतं.

हा कागद कुठं टाकणार? ट्रंकेत तो खण आहे, घड्यांवर विरलेला, त्याच्या आत ठेवते. आणि कालचं राहिलं. ती मुलगी वही मिटून, हनुवटीला हात लावून वाट बघत होती, आणि बाकीच्या बायाही माझ्याकडं बघायला लागल्या होत्या. वेळ भरपूर होता. सांगता आलं असतं. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते कुणास ठाऊक. चला, पुढचं पान काढा."

सगळ्यांनी काढलं. तिनंसुद्धा.